बादलीतला हात

२ डिसेंबर

आज वहिनीनं चारचौघांत विचारलं, "भाऊजी, कॉलेजातून तुम्ही उठलात की उठवलं?" चारचौघं म्हणजे दादा, दोन शेजारणी आणि मी. मी ताट सरकवलं आणि उठलो. दादा म्हणाला, हे बघा, तिथूनही असाच उठला असणार. सगळे हसले.

खरं काय ते इथंच लिहितो, कारण दुसरीकडे कुणी ऐकून घेत नाही. पदार्थांतल्या बदलांवर तास चालू होता. सरांनी मेणबत्ती आणली होती. मेण वितळलं, परत थिजलं, मेण ते मेणच राहिलं. हा भौतिक बदल. वात जळते तो रासायनिक, तो उद्या बघू, असं सर म्हणाले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा जाड्या तिच्याबद्दल, घड्याळवाल्या काकांच्या मुलीबद्दल, काहीतरी बोलला. काय ते लिहिणार नाही. मी स्टूल उचललं. जाड्याला टाके पडले आणि मला घरचा रस्ता. माफी लिहून दिलीस तर परत घेऊ, असा निरोप आला होता. चुकलो असतो तर लिहून दिली असती.

म्हणजे माझं शिक्षण मेण थिजेपर्यंत झालं आहे. तेवढं पुरतं. उलटा फिरवता येतो तो भौतिक, येत नाही तो रासायनिक. एवढ्यावर सगळं जग दोन ढिगांत टाकता येतं. दादाचा राग भौतिक, उकळतो आणि निवतो. वहिनीचा टोमणा भौतिक, कालचाच आज गरम करून वाढते. मी तिच्यावर प्रेम करतो ते मात्र रासायनिक. जळालं ते जळालं.

६ डिसेंबर

दादानं ओळखीनं कामाला लावलं. प्लास्टरचा कारखाना. छताच्या कडेला लावतात त्या नक्षीच्या पट्ट्या आणि दिव्याभोवतीची गोल फुलं इथं बनतात. काम गाढवाचं आहे. पोतं फोडायचं, पावडर पाण्यात कालवायची, गुठळी राहू द्यायची नाही, साच्यात ओतायची, पाठ फिरवायच्या आत बादली धुवायची. बादली धुवायला उशीर झाला की मिस्त्री आई-बाप काढतो. मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी माझं नाव "प्रोफेसर" ठेवलं.

एक गोष्ट आवडली. सकाळी थंडी मरणाची असते. पहिल्या पट्ट्या ओतल्या की सगळे साच्यांवर तळहात टेकून उभे राहतात. ओलं प्लास्टर घट्ट होता होता कोमट लागतं. मिस्त्री म्हणतो, मालकाच्या खर्चानं शेकोटी.

मी विचारलं, गरम का होतं? मिस्त्री म्हणाला, तू प्रोफेसर, तू सांग. मी सांगितलं, पाणी उडून जातं, प्लास्टर वाळतं. दोरीवरचा शर्ट वाळतो तसं. भौतिक बदल. सगळ्यांनी मान डोलावली. कॉलेजचा उपयोग झाला.

१३ डिसेंबर

आज माझी फजिती केली. ठरवून केली.

कोपऱ्यात फुटक्या पट्ट्यांचा ढीग असतो. मी म्हटलं, हे फेकता कशाला, कुटून परत पावडर करा, परत पाणी घाला, परत ओता. मेण नाही का परत वितळवत? मिस्त्रीनं डोळा बारीक केला आणि म्हणाला, कर की. मी दुपारपर्यंत कुटलं. नाका-तोंडात पांढरं गेलं. चाळलं, कालवलं, साच्यात ओतलं. सगळे हातातली कामं टाकून भोवती उभे राहिले. ते घट्ट होईचना. संध्याकाळी साचा उलटा केला तर नुसता चिखल खाली पडला, माझ्याच पायांवर.

मिस्त्रीला आधीपासून माहीत होतं. हसून हसून त्याला खोकला आला. "एकदा पाणी प्यायलं की ते मेलं. मेलेल्याला पाणी पाजून उठवतोस होय?" असं का होतं, ते त्यालाही सांगता आलं नाही.

मला कारण कळलं आहे. मी पुरेसं बारीक कुटलं नव्हतं.

१६ डिसेंबर

तिच्या दुकानासमोरून गेलो. मुद्दाम.

तिच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. पुढे काका बसतात, डोळ्याला भिंग लावून. गिऱ्हाईक देतं ते घड्याळ ते घेतात, उघडतात, हं हं करतात आणि मागे सरकवतात. मागे पडद्याआड ती असते. काकांना आता दिसत नाही आणि त्यांचा हात थरथरतो, हे गावभर फक्त मला माहीत आहे. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं आहे. चिमट्यात राईएवढा स्क्रू धरते आणि श्वास न घेता जागेवर बसवते. मी प्रेमात पडलो तो त्या बोटांच्या. चेहरा नंतर बघितला.

मी माझं चालू असलेलं घड्याळ बंद पडलंय म्हणून दिलं. तिनं मागूनच ओळखलं. पडद्याआडून म्हणाली, "बाबा, ह्याचं घड्याळ ठीक आहे. ह्यालाच किल्ली द्यायला हवी." काका हसले. मीही हसलो. रस्त्यावर आल्यावर राग आला, मग परत हसू आलं.

२१ डिसेंबर

तिचं लग्न ठरलं.

वहिनीनं बातमी आणली आणि माझ्या तोंडाकडे बघत हळूहळू वाढली. मुलगा दुसऱ्या शहरातला, घड्याळांचं मोठं दुकान. मुलाची आई म्हणे बघायला आली तेव्हा मुलीला म्हणाली, गाणं नको, स्वयंपाक नको, हे घड्याळ उघडून दाखव. उघडून जोडलं तशी लगेच होकार. परत जाताना बोलली म्हणे, सून नाही, चालतं दुकान मिळालं.

माणसाकडे असं बघतात? त्यांना ती नकोच आहे, तिचा हात हवा आहे. मी भिंतीवर मूठ मारली. भिंतीला काही झालं नाही.

पण लग्न ठरणं हा भौतिक बदल आहे. गाठ बांधली, गाठ सोडली, दोरी तीच. धीर सोडायचा नाही.

२७ डिसेंबर

दुकान बंद करताना गाठलं. काका पुढे चालू लागले होते. मी बरंच बोललो, ते सगळं इथं लिहीत नाही. ती कुलूप लावत ऐकत होती. मग म्हणाली की मी तिला कधी काही विचारलंच नाही, नुसतं सांगत आलोय. स्टूल मारलं तेही तिला न विचारता, आणि त्यानंतर कॉलेजभर तिच्याकडे बोटं दाखवली गेली, ते तिनं एकटीनं भोगलं.

मी म्हटलं, ठीक, मग विचारतो. तुझ्या हाताचा साचा घेऊ दे. प्लास्टरचा हात माझ्यापाशी राहील, तू सुखानं जा.

ती थांबली. "तेवढं दिलं की सोडशील? दुकानासमोर उभं राहणं, फटीतून बघणं, सगळं?"

मी शपथ घेतली.

"मग घे. एकदाच."

हात देते म्हणाली. ज्या मुलीच्या मनात काही नसतं ती असं म्हणते का?

२ जानेवारी

उद्या कारखान्याला सुट्टी आहे. सकाळी मीच उघडतो, म्हणून किल्ली माझ्याकडे असते. मिस्त्री हाताचा साचा घेतो तेव्हा आधी ओल्या मातीत ठसा उठवतो आणि त्यात प्लास्टर ओततो. पण मातीत तळहाताच्या रेषा येत नाहीत, आणि मला तिच्या रेषा हव्यात. म्हणून हात सरळ प्लास्टरमध्येच ठेवायचा. हाताच्या दोन्ही बाजूंनी दोरा घालून ठेवायचा, अर्धवट घट्ट झालं की दोरा ओढायचा, साच्याच्या दोन फाका होतात. मिस्त्री फुलांना असंच करतो.

तिला वेळ फार नसणार, म्हणून चिमूटभर मीठ. मिठानं लवकर धरतं. आणि थंडी आहे म्हणून पाणी गरम करून घेईन. मिस्त्री गार पाण्यातच कालवायला लावतो, पण त्याला कुणाच्या बोटांचं काय पडलंय?

३ जानेवारी

काही सुचत नाही. तरी लिहितो.

ती आली. शाल पांघरली होती. मी बादली तयार ठेवली होती, चांगली खोल, म्हणजे मनगटाच्या वरपर्यंत येईल. तिनं डावा हात पुढे केला. मी म्हटलं, उजवा. ती म्हणाली, उजवा कामाचा आहे. मी म्हटलं, म्हणूनच. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं बांगडी काढली आणि उजवा घातला.

सुरुवातीला हसली. गरम पाण्याचं आहे का, असं विचारलं. माझी इतकी काळजी कुणी केली नव्हती, असंही म्हणाली. थट्टेनं म्हणाली, पण म्हणाली. मी दोऱ्याची टोकं धरून बसलो. प्लास्टर फार लवकर धरलं. दोरा ओढला तो तुटला. दुसरा ओढला, तोही आत राहिला.

ती म्हणाली, गरम लागतंय. मी म्हटलं, छान ना, थंडीत. मग म्हणाली, फार लागतंय, काढ. मला वाटलं, कंटाळली, निघायला निमित्त हवंय. मी म्हटलं, जरा थांब, हललीस तर रेषा बिघडतील. मी तिचा कोपर धरून ठेवला होता. ती म्हणाली, "भाजतंय. सोड मला." मग नाव घेऊन म्हणाली. तिनं माझं नाव त्याआधी कधीच घेतलं नव्हतं.

मग तिनं ओरडणं थांबवलं आणि दात आवळले. तेव्हा मी घाबरलो. बादलीला बाहेरून हात लावला तर टेकवेना.

हातोडी आणि पटाशी घेतली. बादली कापली आणि गोळा फोडायला लागलो. पण आत तिची बोटं. जोरात मारावं तर बोट तुटेल. मी अगदी हळू फोडत होतो, टिचक्या मारल्यासारखं. इतक्या हळुवारपणे मी आयुष्यात काही केलेलं नाही. ती म्हणत होती, मार, तुटू दे, मार. मी मारलं नाही. किती वेळ लागला, देव जाणे.

हात बाहेर आला तेव्हा पांढरा होता. मला वाटलं प्लास्टर चिकटलंय, पाण्यानं निघेल.

५ जानेवारी

इस्पितळातला डॉक्टर उद्धट आहे. सगळ्यांसमोर बोलला. म्हणाला, मोडलेल्या हाडावर आम्हीही प्लास्टर लावतो, पट्टीवर, पातळ, गार पाण्यातलं, तरी पेशंटला आधी सांगतो की ऊब लागेल, आणि तू बादलीभर ओतलंस? मी म्हटलं, वाळताना थोडं कोमट होतं, मी रोज हात शेकतो. तो म्हणाला, ते वाळत नाही. पाणी उडून जात नाही, पावडर ते स्वतःत घेते, नवाच पदार्थ होतो, आणि होताना उष्णता बाहेर टाकते. पातळ पट्टीतली निघून जाते. गोळ्यातली जायची कुठे? हातात.

म्हणजे रासायनिक. तो तास दुसऱ्या दिवशी होता.

पण एक गोष्ट घडली, ती कुणाला कळलेली नाही. हे कसं झालं असं विचारायला पोलिस चौकीतला माणूस आला, तेव्हा तिनं सांगितलं, माझीच हौस, हाताची शोभेची वस्तू करायची होती, कारखान्यातल्या मुलानं उलट फोडून वाचवलं. काका शेजारी उभे होते. होणाऱ्या नवऱ्याकडची माणसंही होती. सुट्टीच्या दिवशी बंद कारखान्यात माझ्याबरोबर एकटी होती, ह्यावर तिनं एक शब्द काढला नाही.

माझ्यासाठी खोटं बोलली. आणखी काय पुरावा हवा?

१२ जानेवारी

तीन बोटं काढली. अंगठा आणि करंगळी राहिली.

मला आत जाऊ दिलं. मी म्हटलं, होईल बरं, सगळं पहिल्यासारखं होईल, विज्ञान खूप पुढे गेलंय. ती छताकडे बघत होती.

"कोळशाचं परत लाकूड झालेलं पाहिलंयस कधी?"

तापात माणूस काहीही बोलतो.

१९ जानेवारी

तीन दिवसांपूर्वी मिस्त्रीनं हिशेब करून काढून टाकलं. रागावला नाही, तेच वाईट वाटलं. म्हणाला, तो गोळा अजून तिथंच पडलाय, उचल आणि जा. बाकीचे बघत राहिले. कुणी प्रोफेसर म्हणालं नाही.

घरी आणून तुकडे जुळवले तर काय! आत एकेक रेष उमटली आहे. नखं, पेरं, तर्जनीवरचा चिमट्याचा घट्टा, सगळं. दोन दिवस खपून तुकडे बांधले आणि आत प्लास्टर ओतलं. गार पाण्यात कालवलं. हात असा उतरलाय की हुबेहूब. वहिनीनं बघितला आणि तोंडाला पदर लावून आत गेली. तिला कलेतलं काही कळत नाही.

२२ जानेवारी

तो हात तिला नेऊन दिला. खरं तर मी ठेवायचा होता, पण म्हटलं आता तिला जास्त गरज आहे.

तिनं मांडीवर घेतला. डाव्या हातानं एकेक बोट चाचपलं, जी गेली तीच आधी. मला वाटलं आवडला.

मग विचारलं, "ह्याला स्क्रू उचलता येतो?"

मी म्हटलं, अगं, प्लास्टर आहे.

"तुला येतो?"

मी म्हटलं, नाही. ती माझ्या हातांकडे बघायला लागली. उलटे करायला सांगितले, सुलटे करायला सांगितले. माझ्या बोटांना प्लास्टरनं भेगा पडल्या आहेत, मला लाज वाटली. पण तिनं पहिल्यांदा माझ्याकडे असं टक लावून बघितलं. मी घरी कसा आलो, ते मला आठवत नाही.

३० जानेवारी

लग्न मोडलं! मुलाच्या आईनं फोनवरून कळवलं. शब्द गोड होते म्हणे, मुलगी गुणी आहे, पण आमच्याकडे काम हाताचं आहे. मी म्हणत होतोच की त्यांना तिचा हातच हवा होता. दोरीची गाठ सुटली. मी बरोबर होतो.

दुःखाच्या प्रसंगी आनंद होणं वाईट. झाला तर झाला. ही वही माझी आहे.

८ फेब्रुवारी

काका घरी आले. दार सापडेना म्हणून आधी शेजारी गेले होते. दुकान बंद आहे. गिऱ्हाइकांची उघडलेली घड्याळं तशीच पडली आहेत, ती जोडायला कुणी नाही. दादासमोर बसून ते म्हणाले की मुलीनं पाठवलंय. ह्याच्याशी लग्न करीन म्हणते.

दादा उठून उभा राहिला. वहिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. काकांना विचारावंसं वाटलं, तुम्हाला खरं काय झालं ते माहीत आहे का. विचारलं नाही. पण निघताना त्यांनी माझा दंड चाचपत हात शोधला, तो दोन्ही हातांत धरला आणि बोटं मोजल्यासारखी दाबून बघितली. "जपून ठेव रे," म्हणाले, आणि रडले. सासरा असावा तर असा.

वहिनी नंतर म्हणाली, "भाऊजी, जाऊ नका. ती मुलगी तुमच्यावर प्रेम करत नाही." मी म्हटलं, मग लग्न कशाला करते? वहिनी टोमणा न मारताच आत गेली. पहिल्यांदाच.

२६ फेब्रुवारी

देवळात हार घातले, मग नोंदणी झाली. सही तिनं डाव्या हातानं केली, लहान मुलासारखी वाकडी. मी तिच्या उजव्या हाताकडे बघायचं टाळलं, तर तो तिनं मुद्दाम टेबलावर, माझ्यासमोर ठेवला.

लग्नाआधी तिनं एकच अट घातली होती. दुकानात पडद्यामागे मी बसायचं, ती शेजारी बसून सांगेल तसं काम करायचं. मी म्हटलं, जन्मभर करीन. ती म्हणाली, हो, जन्मभरच.

१५ मार्च

लिहायला वेळ होत नाही. सकाळी दुकान उघडतं ते अंधार पडेपर्यंत. मी स्टुलावर, डोळ्याला भिंग. ती माझ्या उजव्या अंगाला, इतकी जवळ की तिचा श्वास कानाला लागतो. चिमटा धरतो, स्क्रू उडतो. ती म्हणते, पुन्हा. खाली वाकून शोधतो, धरतो, उडतो. पुन्हा. ती रागावत नाही, आवाज चढवत नाही, दुसरा शब्द वापरत नाही. माझा हात थरथरला की अंगठा आणि करंगळी माझ्या मनगटावर ठेवते आणि दाबते. नख रुततं. पण स्पर्श आहे ना.

काल एक गिऱ्हाईक पडदा बाजूला करून म्हणालं, हाच का तो बादलीवाला? माझी मूठ वळली, मी उठलो. ती म्हणाली, "हात खाली. मुठीला लागलं तर उद्या काम कोण करील?" मी बसलो. तो माणूस हसत होता, तरी बसलो. मी, बसलो! दादाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही.

२ मे

आज पहिल्यांदा एक घड्याळ आख्खं जोडलं आणि ते चाललं. मी तिच्याकडे बघितलं. तिनं ते कानाला लावलं, ऐकलं, आणि मागचं झाकण परत उघडून सगळे स्क्रू टेबलावर ओतले. पुन्हा.

आता मला जड काही उचलू देत नाही. उकळतं पाणी नाही, सुरी नाही. हातावर रोज तेल चोळते, नखं स्वतः डाव्या हातानं कापते, बोटंन् बोट तपासते. आख्ख्या जगात कुणाची बायको एवढं करते? बोलत काही नाही. चेहऱ्याकडे बघत नाही. सगळं लक्ष हातांवर.

९ मे

वही तिला सापडली. वाचली नाही, नुसती उघडून पानं किती भरलीत ते बघितलं. मग माझी मधली दोन बोटं धरून पेरं वाकवून पाहिली, पेन धरतो तिथं दाबलं. दुखलं. म्हणाली, म्हणूनच सकाळी चिमटा नीट धरला जात नाही.

"लिहिणं बंद. हे हात असे वाया घालवायला नाहीत. माझे आहेत ते."

माझे आहेत ते, म्हणाली. तिच्या तोंडून हे ऐकायला मी काय काय केलं!

ती समोर उभी आहे. हे वाक्य पुरं होऊ दे म्हटलं, तर तिनं डावा हात पुढे केलाय, पेनसाठी.